पाण्यात उतरवू नये

'विकणे आहे. जुन्या काळच्या शर्यतीच्या लाकडी नावेची हुबेहूब प्रतिकृती. लांबी अठरा फूट, हातानं केलेलं पॉलिश, पितळी फिटिंग, सोबत दोन वल्ही. किंमत फोनवर.' आणि त्याखाली, चष्मा लावल्याशिवाय दिसू नये अशा अक्षरांत: 'फक्त सजावटीसाठी. पाण्यात उतरवू नये.'

हदगावात 'विकणे आहे'च्या पुढं काय यायचं ते ठरलेलं आहे. दुसऱ्या वेताची म्हैस, एका हातानं वापरलेला ट्रॅक्टर, तामसा रोडला एन.ए. प्लॉट. या रांगेत नाव पहिल्यांदाच आली. त्यामुळं आमच्या साडूंनी ती जाहिरात मोबाईलवरून टपरीभर फिरवली तेव्हा चौकशी आमच्या रिवाजानंच झाली. 'कागदपत्रं क्लिअर हायत का?' 'पासिंग कुठलं?' 'ॲव्हरेज काय देती?' एकानं टायर किती टक्के आहेत तेही विचारलं. टायर नसतात म्हटल्यावर तो म्हणाला, 'मग आणणार कशी?' हा एकच प्रश्न कामाचा होता, आणि नेमका तोच साडूंना आजवर सुटलेला नाही.

साडूंचं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनला भाव लागलेल्या एका सालात त्यांनी बंगला काढला, आणि बंगल्यात डबल हाइटचा हॉल काढला. म्हणजे खाली सोफ्यावर बसून मान वर केली की वरच्या मजल्याचं छत दिसतं. मे महिन्यात त्या पोकळीत एवढी गरम हवा जमते की कूलर लावला तर कूलरलाच घाम फुटतो. पण हॉल मोठा आणि भिंत कोरी. नांदेडहून आलेला इंटिरिअरवाला पोरगा त्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'सर, इथं एक स्टेटमेंट पीस पाहिजे.' मेहुणीनं दत्तबर्डीच्या दत्ताचा मोठा फोटो सुचवला. साडूंनी स्वतःचा सुचवला. पोरगा दोन्हीला नम्रपणे हसला आणि त्यानं नाव दाखवली.

तर या नावेचं कूळ सांगायला हवं. नाव म्हटलं की आपल्याला पलीकडं जाणं आठवतं: माणसं, शेळ्या, सायकली, एखादं वऱ्हाड. शर्यतीच्या नावेत यातलं काहीच बसत नाही. आठ जणांची नाव साठ फुटांच्या आसपास लांब असते आणि रुंदीला मात्र एक माणूस जेमतेम मावतो. ऑलिंपिकची शर्यत २००० मीटरची, साडेपाच-सहा मिनिटांत खलास. तेवढ्या मिनिटांसाठी तिचा जन्म. आता ती कार्बन फायबरची असते. पूर्वी लाकडाची असायची. अमेरिकेत सिॲटल गावी जॉर्ज पोकॉक म्हणून एक नामी कारागीर होता. तो सीडरच्या पातळ फळ्या वाफेवर मऊ करून सांगाड्यावर बसवायचा. फळीची जाडी? अडीच मिलिमीटरच्या आत.

हा आकडा मी आमच्या सुतारमिस्त्रींच्या कानावर घातला. किनवटकडचा साग ज्याच्या रंध्याखालून गेला, त्या माणसाला पातळ लाकडाचा आदर नसतो. त्यांनी माझ्या हातातल्या वहीचा पुठ्ठा चिमटीत धरून बघितला.

'एवढीच?'

'एवढीच.'

'आन् बसणार किती?'

'आठ. वर एक नववा.'

मिस्त्रींनी पेन्सिल परत कानावर ठेवली. 'सर, जावई जेवायला बसतो तो पाट आपण इंचाचा करताव.'

टपरीवर ही नाव नेमकी कुणाला कळली असेल तर शंकरपटाचा नाद असलेल्या एका काकांना. त्यांनी अगदी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. हिच्यात माल भरता येतो का? नाही. जादा माणसं? नाही. शर्यत नसली की काय करतात? उचलून शेडमध्ये ठेवतात. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, 'म्हंजे छकडाच की रे, पाण्यातला!' आणि खरोखर, दोन तास इंटरनेट वाचून मला जे समजलं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. छकडा म्हणजे गाडी खरी, पण त्यावर ज्वारीचं एक पोतं टाकता येत नाही. हाकणारासुद्धा कसाबसा टेकलेला असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला तात्पुरती मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ ला कायमचा निकाल लागला. मधली सात वर्षं काकांचा छकडा गोठ्याच्या आढ्याला टांगून होता. 'शोभेला छान दिसतो हो,' असं त्या काळात कुणी म्हटलं असतं, तर काकांनी त्याला तुतारी टोचली असती.

नावेत बसायची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. आठही वल्हवणारे उलट्या तोंडानं बसतात. आपण कुठं चाललो आहोत हे त्यांना दिसत नाही. आपण कुठून आलो एवढंच दिसतं. पुढचं दिसतं ते फक्त नवव्याला, आणि तो वल्ह्याला हात लावत नाही. तो सुकाणूची दोरी धरून नुसता ओरडतो. शिवाय त्याचं वजन जितकं कमी तितकं बरं. हे सांगून झाल्यावर टपरीवर कुणीतरी 'आपलंच' एवढंच म्हणालं. कुणाबद्दल, हे कुणी विचारलं नाही. निवडणुकीचे दिवस होते.

या जातीच्या नावांमध्ये सगळ्यात नामांकित म्हणजे पोकॉकच्याच हातची 'हस्की क्लिपर'. वॉशिंग्टन विद्यापीठाची पोरं ती घेऊन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेली. त्यातली बरीचशी कष्टकऱ्यांच्या घरची, कुणी शेतातलं, कुणी लाकूडतोडीतलं. १४ ऑगस्टला ग्र्युनाऊच्या पाण्यावर अंतिम शर्यत झाली. काठावर खुद्द हिटलर. नावेचा ठेका धरणारा डॉन ह्यूम तापानं आजारी. सुरुवात अशी की बघणाऱ्यानं घरी जावं. आणि तरी अमेरिका पहिली: ६ मिनिटं २५.४ सेकंद. इटली ६ मिनिटं २६, जर्मनी ६ मिनिटं २६.४. पहिल्या आणि तिसऱ्या नंबरात एका सेकंदाचं अंतर. आमच्याकडं एवढ्यात तलाठी फोन उचलत नाही.

त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरंही बर्लिनमध्ये होती, कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला दाखवत. पण नशीब बघा. ती नाव सिॲटलला परत गेली आणि विद्यापीठाच्या बोटहाउसमध्ये, खेळाडू जेवायला बसतात त्या हॉलच्या छताला सन्मानानं टांगली गेली. आजही ती तिथंच आहे. कबड्डीचं टांगण्यासारखं असतं काय? लंगोट. तो कुठल्या जेवणाच्या हॉलमध्ये शोभणार?

पुढं २०१३ साली डॅनियल जेम्स ब्राउन यांनी त्या पोरांवर पुस्तक लिहिलं आणि २०२३ साली जॉर्ज क्लूनी यांचा चित्रपट आला. चित्रपटासाठी जुन्या लाकडी नावांच्या प्रतिकृती घडवल्या गेल्या, नटांना महिनोन्‌महिने वल्हवायला शिकवलं, आणि त्या प्रतिकृती खऱ्या पाण्यात पळाल्या. म्हणजे अस्सल नाव छताला आणि नक्कल पाण्यात. हे मला पटतं. अस्सलनं आपलं काम केलं, आता तिनं आराम करावा. साडूंच्या जाहिरातीतली नाव मात्र जन्मतःच पेन्शनर आहे. एकही शर्यत न हरता, एकदाही ओली न होता तिला थेट छताचा मान हवा आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्याच मराठवाड्यात घडली, आणि ती आम्ही कुणाला सांगत नाही. अजिंठ्याच्या चित्रांत एक जहाज आहे. पाचव्या शतकातलं. समुद्र कुठं, वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालेसारखा कडा कुठं! पण त्या चित्रकारानं दगडी भिंतीवर शिडांसकट जहाज काढून ठेवलं. दीड हजार वर्षांनी त्या चित्रावरून गोव्यात खरंखुरं जहाज बांधायला घेतलं. फळ्यांना खिळा नाही. काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. केरळचे कारागीर, सप्टेंबर २०२३ मध्ये काम सुरू, आणि २१ मे २०२५ ला कारवारला ते 'कौंडिण्य' या नावानं नौदलात दाखल झालं. मराठवाड्यानं जगाला दिलेलं जहाज म्हणावं तर एवढं एकच, तेही चित्रातलं. पण त्याची प्रतिकृती समुद्रात चालते. भिंतीवरचं जहाज पाण्यात गेलं त्या मुलखात, पाण्यातली नाव भिंतीवर आणण्यासाठी साडू सुताराला बोल्ट विचारत होते.

तशी शोभेच्या नावांची आम्हाला सवय नाही असं कुणी समजू नये. ज्या घरातली सहल कोकणात जाऊन आली, त्या घरात टीव्हीशेजारी शिंपल्यांचं जहाज असतंच. ते पुसता येत नाही. फडकं लावलं की शिंपला हातात येतो, म्हणून दिवाळीला फुंकर मारतात. तीन वर्षांत त्याचं शीड पडतं, पाचव्या वर्षी कुणाचा तरी नातू त्याचं डोलकाठीसकट सुकाणू खातो, आणि तरी ते टाकवत नाही. केरळला जाऊन आलेल्या गुरुजींच्या घरी सर्पनौका असते, वीतभर, काळ्या पॉलिशची. खरी सर्पनौका, म्हणजे चुंडन वळ्ळम, शंभर फुटांच्या वर लांब आणि तिच्यात शंभरावर माणसं. १९५२ साली पंडित नेहरू आलप्पुळ्याला गेले, शर्यत बघून इतके खूश झाले की स्वतःच नावेत चढले, आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी बक्षीस म्हणून काय पाठवलं? चांदीची सर्पनौका. प्रतिकृतीच! त्या प्रतिकृतीसाठी आजही खऱ्या नावा जीव तोडून पळतात. प्रतिकृतीनं एवढं करून दाखवलं तर तिला कोण नावं ठेवील?

'पण आपल्याकडं पाणी कुठंय?' हा आक्षेप साडूंच्या आईनं घेतला. त्यांच्या आधी तो कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

साडू म्हणाले, 'आई, ती पाण्यात सोडायचीच नाही. तसं लिहूनच दिलंय.'

'मग काय करायचं तिचं?'

'बघायची.'

आजींनी मोबाईल जवळ धरून, लांब धरून नाव बघितली. 'उलटी टांगा. वर कुरड्या वाळतील.'

पाण्याचं म्हणाल तर हदगावला पाणी नाही असं नाही. ते येतं तेव्हा सगळं एकदम येतं. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडं विदर्भ. पावसाळ्यात मार्लेगावच्या पुलावरून पाणी गेलं की हदगाव-उमरखेड रस्ता बंद, आणि दोन प्रांत एकमेकांकडं हातवारे करत उभे. कयाधू पुढं पैनगंगेलाच मिळते, म्हणजे तिचाही हातभार. अशा वेळी आमच्या भागात बोट येते. नारिंगी, रबराची, हवा भरून फुगवायची. तिला बघायला सारं गाव जमतं, तिच्यासोबत फोटो काढतं, आणि पाणी उतरलं की ती हवा सोडून, घडी घालून परत जाते. हिवाळ्या-उन्हाळ्यात ईसापूरच्या कालव्याला पाळी सुटते. साडूंच्या पोरानं हिशेब केला: शर्यतीच्या नावेचं एकेक मोठं वल्हं बारा फुटांच्या आसपास, दोन्हीकडं पसरली की चोवीस, त्यात कालव्याच्या काठाकाठानं सोडलेले मोटारींचे पाइप. पहिल्या शंभर मीटरांत वल्ही मोडतील, आणि दुसऱ्या शंभरात पाइपांचे मालक.

आणि लातूर? २०१६ च्या एप्रिलात तिथं पाणी रेल्वेनं आलं. मिरजेहून 'जलदूत' निघाली, दहा टाक्या, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. जिथं पाणीच गाडीत बसून प्रवास करतं, तिथं नावेनं छताला टांगून घेतलं तर तिचं काय चुकलं? विचार केला तर 'पाण्यात उतरवू नये' ही अट पाळायला मराठवाड्याइतकी खात्रीची जागा उभ्या देशात सापडणार नाही. विक्रेत्यानं हे ध्यानात घेऊन आम्हाला दरात सूट द्यायला हवी.

एक गोष्ट मात्र विनोदात बसत नाही. गंगापूर तालुक्यात भिवधानोरा नावाचं गाव आहे. तिथली शाळेतली पोरं जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पार करतात, ही बातमी २०२३ मध्ये आली. हातात वल्ही, आणि पाण्यात साप निघाला तर हाकलायला काठ्या. त्यांना नववा नव्हता. ओरडायला कुणी नव्हतं. पुढं उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. अठरा फुटांची पॉलिश केलेली नाव जाहिरातीत बघताना हे आठवलं की चहा जरा घोटभरच जातो.

पाणी नाही म्हणून वल्हं हातात येणार नाही असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांसोबत विहिरी खोदायचा. वडील गेल्यावर पोट भरायला २०१२ साली फौजेत गेला, पुण्यात त्याची उंची बघून साहेबांनी त्याला नावेत बसवला. विहीर खोदणाऱ्याला पाणी लागण्याची आशा असते. ते पाणी असं लागेल असं त्याला वाटलं नसणार. चार वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी वल्हवण्यात तेरावा आला, आणि २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्यानं सुवर्णपदक घेतलं. लातूरला पाण्याची रेल्वे आली तेच हे २०१६ साल.

हे सगळं मी साडूंना ऐकवलं. त्यांच्यावर व्हायचा तो परिणाम झाला नाही. त्यांनी टेप काढला आणि भिंत मोजली. भिंत अठरा फूट तीन इंच. नाव अठरा फूट. साडूंचा चेहरा उजळला. मग मधोमध एसीचा डबा दिसला. एसी हलवायचा तर पीओपी फोडायचं, पीओपी फोडायचं तर दिवाळीच्या आधी होत नाही, आणि एवढं करून नाव जिन्यातून वर चढवायला वळण मिळत नाही. खिडकीतून घ्यायची तर ग्रिल कापायची. इंटिरिअरवाला म्हणाला, 'सर, आपण हाफ घेऊ. अर्ध्या नावेचं शेल्फ मिळतं, त्यात पुस्तकं ठेवता येतात.' पुस्तकं कुठून आणायची यावर घरात वाद झाला.

शेवटी साडूंनी किंमत विचारायला फोन लावला. समोरच्यानं आकडा सांगितला, वर गाडीभाडं वेगळं म्हणाला, आणि विचारलं, 'आपल्याकडं हवा दमट आहे का? दमट असली तर वॉरंटी नाही.' साडूंनी अभिमानानं सांगितलं की मे महिन्यात इथं पापड सावलीत वाळतात. तो म्हणाला, 'मग तर लाकूड तडकेल. कोरड्या हवेलासुद्धा वॉरंटी नाही.' ओली चालत नाही, कोरडी चालत नाही. अशी नाव घरात आणून तिची मर्जी सांभाळायला साडूंकडं आधीच दोन जर्सी गाई आहेत. त्यांनी फोन ठेवला. भिंतीवर दत्ताचा फोटो लागला. एसीच्या खाली, जरा डावीकडं.

माझं मत विचाराल तर नाव देखणी आहे. दोष तिच्यात नाही, त्या शेवटच्या ओळीत आहे. जाहिरात अजून तशीच आहे. ज्यांच्याकडं वीस फुटांची सलग, ना ओली ना कोरडी अशी भिंत असेल त्यांनी जरूर फोन करावा. पण ज्यांच्या घरात दाराच्या चौकटीला डोकं लागेल असं एखादं पोरगं असेल, त्यांनी त्या पैशातनं त्याला एकदा पुण्याला न्यावं. संगम पुलाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासून आहे. नदीकाठी उभं राहून खऱ्या नावा बघायला कुणी पैसे मागत नाही. पोरगं पाण्याला भीत असेल तरी न्या. दत्तूही सुरुवातीला भ्यायचाच.